तेच सांभाळते

१२ जानेवारी, सोमवार
विहारामागच्या आमच्या अभ्यासिकेत कॉम्प्युटर एकच. बसणारे पंधरावीस, सांभाळणारी मी. आज कमिटीचे अध्यक्षसाहेब स्वतः प्रिंट काढायला आले. ब्राउझर उघडला तर चहूबाजूंनी जाहिराती. नर्स आहात? जर्मन शिका. जर्मनीत नोकरी. अध्यक्ष ओरडले, "हे जर्मनी-बिर्मनी कोण बघायलंय इथं?"

मी म्हटलं, जाहिराती काय, कुठूनही येतात. पण शेजारच्या खुर्चीत क. बसलेली. (वहीतसुद्धा पूर्ण नाव नको.) अध्यक्षांची सख्खी पुतणी, बीडमध्येच एका दवाखान्यात नर्स. तोंड पांढरंफटक.

ते गेल्यावर बोलली. चोरून जर्मन शिकतेय, अर्ज केलाय, ऑनलाइन मुलाखत होणार आहे. घरी माजलगावचं स्थळ जवळजवळ पक्कं. "ताई, मी सांगणारच हाय घरी. पण माझ्या तोंडानं. आधी मुलाखत तर होऊ द्या."

म्हणजे माझ्या मशीननं तिची चहाडी केली. लई राग आला. कुणावर काढू?

१५ जानेवारी
ब्राउझरला अॅड-ऑन बसवली. एक जाहिराती अडवणारं. एक, साइटमागून साइट आपल्या मागं लागणाऱ्या ट्रॅकरना तोडणारं. एक, उठलं की मागचं सगळं पुसणारं. जाहिराती गायब! पोरी टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. मीही जरा भाव खाल्लाच.

पण एवढ्यानं भागत नाही. पुसलं तरी ओळखतात, त्याला फिंगरप्रिंटिंग म्हणतात. पडद्याचा आकार, आतले फॉन्ट, भाषा, घड्याळ, सगळं जुळवून ठसा काढतात. पोरींना सांगितलं, स्कूटीवर तुम्ही डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फनं बांधता, तरी आई लांबून बसण्यावरूनच ओळखते ना? तसं. सगळ्यांना एका दमात कळलं. कॉम्प्युटरचा क्लास बंद पडला माझा, शिकवणं नाही बंद पडलं.

१८ जानेवारी, रवि.
अति शहाणपणा. जे दिसेल ते अॅड-ऑन घालत सुटले. ठसा तपासणाऱ्या साइटवर गेले तर उलटंच. तुमच्यासारखा ब्राउझर दुसरा कुणाचाच नाही, म्हणे. एवढी चिलखतं चढवली की गर्दीत मीच उठून दिसायला लागले. वर भरतीच्या अर्जाचं पान उघडेना, पोरं बोंबलायला लागली. "ताई, हे काऊन अडकायलंय?"

सगळं काढलं. जाहिराती अडवणारं आणि मागचं पुसणारं, दोनच ठेवली, आणि ठसा झाकायची ब्राउझरची स्वतःची सोय चालू केली. चारचौघांसारखं दिसणं हेच खरं लपणं. आता बरोबर जमलं. बीडमध्ये हे कुणी केलं असेल? मला नाही वाटत. ह्यांना रात्री जेवताना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "भाजीत मीठ न्हाई." असो.

२२ जाने.
क. धावत आली. काल घरी अध्यक्ष म्हणे सगळ्यांसमोर बोलले, "माझ्या मोबाइलवर सारखे जर्मन शिकवायचे व्हिडिओ येयलेत. अभ्यासिकेत कोण बसतं ते बघावं लागंल."

मला कळेना. माझी दोन्ही अॅड-ऑन चोख काम करतायत. मग यांच्या मोबाइलवर कसं? मशीनसमोर बसले, एकेक सेटिंग पाहिलं. आणि वरच्या कोपऱ्यात गोल फोटो. फेटा बांधलेले अध्यक्ष.

कपाळावर हात मारला. कॉम्प्युटर आला तेव्हा खातं त्यांच्या मोबाइल नंबरवर उघडलं होतं. आपल्याकडे कुठल्याही संस्थेत तसंच. लाइटबिल अध्यक्षांच्या नावावर, पंख्यावर अध्यक्षांचं नाव, मग मेल दुसऱ्या कुणाची असणार? तेव्हापासून आम्ही सगळे त्यांच्याच नावानं शोधतोय, आणि तो शोध सरळ त्यांच्या मोबाइलवर. फोटो मला रोज दिसत होता. भिंतीवरच्या फोटोकडे आपण कुठं बघतो, तसंच.

खिडक्यांना जाळ्या बसवत होते, दार उघडंच.

२३ जाने.
खातं काढलं. मागचा इतिहास पुसला. आता कुणीच कुठल्या खात्यात नाही. बसा, बघा, उठा, मागं काही राहत नाही. मग स्वतःच अध्यक्षांना फोन केला, चोरून काय करायचं. तिकडून एकच, "कुणाला इचारून काढलं?"

रविवारी मीटिंग लावलीय. क. म्हणते, माझ्यापायी तुमचं काम जाईल. म्हटलं, तू धातूंची रूपं पाठ कर.

२५ जाने., रवि.
आल्या आल्या लिहून ठेवते, नाहीतर उद्या वाढवून लिहीन.

सगळी कमिटी, सतरंजीवर. अध्यक्ष सरळ मुद्द्यावर. "शोभाबाई, जर्मनीचं कोण बघत होतं?"
"माहीत आहे मला. सांगणार नाही."
कुणीतरी खोकलं.
"बरं. आता कोण काय बघतंय, ते तर दिसतं ना तुमाला?"
"नाही. मलाही नाही दिसत."
"मग तुमी तिथं बसून सांभाळता तरी काय?"
"तेच सांभाळते."

खजिनदार कमलताई पदरात हसल्या, मला दिसलं. हात मांडीखाली दाबून बसले होते. पण आवाज नाही थरथरला. चाळीस-बेचाळीस वर्षांत इतकं सरळ वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं. मला माझा अभिमान वाटला. लिहिते, लाज कसली.

मला ठेवायचं की नाही, पुढच्या मीटिंगमध्ये ठरवणार. अध्यक्ष जाताना चप्पल शोधत पुटपुटले, "माझ्या मोबाइलवरचं ते जर्मन बंद कसं करायचं, ते तरी सांगा." सांगितलं.

१ फेब्रु., रवि.
आज क.ची मुलाखत. दुसरीकडे सोय नव्हती, इथंच. पोरांना अंगणात बसवलं, दार लोटलं, मी उंबऱ्यावर. आतून तिचा आवाज. आधी अडखळत, मग धडाधड. मला एक अक्षर कळलं नाही, पण ऊर भरून आला.

बाहेर आली, माझा हात घट्ट दाबला आणि काही न बोलता दवाखान्याकडे निघून गेली. ड्यूटी होती. झालं का? नाही झालं? घरी कधी सांगणार? चेहऱ्यावरून काही कळेना.

आत जाऊन मशीनसमोर बसले. काय बोलणं झालं, कुठली पानं उघडली, काही तरी राहिलं असेल म्हणून पाहिलं. कोरं. मीच तसं करून ठेवलंय. आता तिनं सांगितलं तरच कळणार.