दोन्हीतली चांगली

प्रिय धाकट्या,

शुद्धीवर आलास म्हणे, आणि पहिलं काय विचारलंस, तर दुकान कुणी उघडलं. जिवात जीव आला. माझी चौकशी केली असतीस तर डॉक्टरांना म्हटलं असतं, याच्या डोक्यात काही बिघाड झालाय का बघा. मी पलीकडच्याच खोलीत आहे. कूस बदलली की टाके ओढतात, आणि दर वेळी तुला एक शिवी घालते.

आपल्या शिवणाच्या दुकानात उभं आयुष्य काजं करत बसले मी. नवं मशीन आलं की तुझं, तुझं जुनं ते माझं. खिडकीजवळ तू, मागच्या अंधारात मी. साठी उलटली तशी तीही जागा गेली. गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, "ताईचे हात चालत नाहीत आता, घरी बसवलंय तिला." हात चालत होते रे. त्या दिवशी घरी आले आणि रागाच्या भरात खिडकीच्या पडद्याला ओळीनं काजं करून टाकली. अजून तसाच लटकतोय तो पडदा.

मग तुझ्या किडन्यांनी हात टेकले. बायकोची जुळेना, मुलांची जुळेना. जुळली ती माझी, सत्तरी ओलांडलेल्या बाईची. तू नाक मुरडलंस. डॉक्टर म्हणाले, नुसतं वय बघून आम्ही नाही म्हणत नाही, काम बघतो, आणि यांचं काम ठणठणीत आहे. तर तू बायकोकरवी निरोप धाडलास, म्हातारीचीच घ्यायची तर निदान दोन्हीतली चांगली द्या. मी तिथेच बसले होते. ती बिचारी मान खाली घालून बोलली. डॉक्टरांनी तिला काय उत्तर दिलं, ते मीच तिला तुझ्यापाशी बोलू दिलं नाही. म्हटलं, त्याला मी सांगेन.

तेच सांगायला हे पत्र. दोन्ही किडन्यांचं काम वेगवेगळं मोजतात, आणि चांगली असते ती देणाऱ्याकडेच ठेवतात. तुला माझी डावी मिळाली आहे, मागे पडणारी. जन्मात पहिल्यांदा आपल्या वाटणीत चांगलं ते मला आलं. आणि तरी नर्स सांगत होती, ती डावी तुझ्या पोटात झकास कामाला लागली आहे. आता मला घरी बसवायचं असेल, तर आधी तिला बसव. टाके सुकले की मी दुकानात येते आहे. खिडकीजवळचं मशीन पुसून ठेव.

तुझीच,
म्हातारी ताई