आंधळ्या मेंढ्याच्या फेऱ्या

प्रिय दाजींस, यरुशलेमहून याकीम याजकाचा शालोम.

ताईची कंबर कशी आहे? तुमचं बरंच असणार. देवाची तुमच्यावर कृपा आहे, आणि उरलीसुरली तुम्ही स्वतःच स्वतःवर करता. मीही बरा आहे, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहितो.

तुम्ही अर्पणासाठी पाठवलेला मेंढा पोचला. पोचला म्हणजे दोघांनी ढकलत आणला. एका डोळ्याने आंधळा आणि मागच्या उजव्या पायाने लंगडा (याजकाच्या वाट्याला उजवी मांडी येते, हे तुमच्या बरोबर लक्षात राहिलं). दारात जनावरं तपासायची पाळी नेमकी माझी. परत पाठवावा, तर वल्हांडण सणाच्या जेवणात ताईने सगळ्या भावकीसमोर माझा उद्धार केला असता. म्हणून त्या डोळ्यावरून कौतुकाने हात फिरवला, तो तिथेच ठेवला आणि मेंढा निर्दोष म्हणून आत सोडला.

मेंढ्याला एकच बाजू दिसत असल्यामुळे तो एकाच बाजूला वळत राहिला आणि वेदीभोवती लंगडत फेऱ्या घालू लागला. त्याच्याकडे बघता बघता लेवी गायकांचा ताल चुकला. शेवटी तो थेट प्रमुख याजकांवर जाऊन आदळला. त्यांच्या झग्याच्या काठाच्या घंट्या खणखणल्या आणि सगळं आवार वळून बघू लागलं. त्या गर्दीत मिल्का नावाची एक विधवा म्हातारी होती (तोंडात दात नाही, तरी चावते). आदल्याच दिवशी तिचा बोकड मी कानाला चीर आहे म्हणून परत पाठवला होता.

"माझ्या बोकडाचा कान बरा दिसला रे तुला," ती म्हणाली, "आणि ह्याचा डोळा नाही दिसला? आंधळा कोण, हा का तू?"

लोक पोट धरून हसले. मला मात्र, खरं सांगतो दाजी, मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारीचं काही चुकलं नव्हतं.

वडीलधाऱ्या याजकांनी निकाल दिला. लोकांच्या पापासाठी याजक उभा राहतो, पण याजकाचं पाप त्याचं त्यानेच निस्तरायचं. मी स्वतःचा निर्दोष मेंढा आणायचा आणि तो पास करणार मिल्काबाई. तिने नाक मुरडलं, तर वेदीची सेवा मला कायमची बंद. तोवर मी राख उपसतो आहे, आणि मांसाचा नुसता वास घेतो आहे.

असो. कोणाकडे काही मागावं असा माझा स्वभाव नाही.

तुमचा मेहुणा,
याकीम

ता. क. मेंढा द्या. कळपाचा दशमांश देवाला द्यायच्या वेळी मागच्या गुहेत लपवता, तोच.

ता. क. आणखी एक. पत्र घेऊन आलेल्या बाई त्याच मिल्काबाई. मेंढा त्या स्वतः निवडणार आहेत. वाटेत त्यांनी हे पत्र कोणाकडून तरी वाचून घेतलंच असेल, म्हणून मुद्दाम लिहितो की त्या फार गोड बोलतात. गुहा कुठे आहे ते त्यांना सांगितलं आहे.

ता. क. शेवटचं. तो कानफाटका बोकड त्यांनी कोणाकडून विकत घेतला होता, असं मी सहज विचारलं. तुम्ही त्यांना दारातच ओळखाल.