हरिः ॐ कापायचं राहिलं

३ फेब्रुवारी
पुन्हा तेच. एकवीस नंबर! फोनसमोर नुसतं लांब 'आ' म्हणायचं आणि हात थरथरायच्या कितीतरी आधी आवाजावरून कंपवाताची चाहूल लागायची — यासाठी इतकी वर्षं घासतोय आम्ही. आणि आमचं मशीन डॉक्टरांनी तपासून ठणठणीत ठरवलेल्या माणसाला आजारी म्हणतंय.

शरद सर म्हणाले, "काढून टाक तो आवाज. मशीन घेणाऱ्या कंपनीची माणसं येतायत." म्हणजे त्रास देईल तो फेकायचा? नाही काढला. डोकं उठलंय.

६ फेब्रुवारी
कंपनीच्या कुणालला आवाजांबरोबर वय, गल्ली, मातृभाषाही हवी. "मॅडम, नाम थोड़े ही माँग रहे हैं." अरे बाबा, काशीत ब्रह्मा घाटावरचा सत्तरीचा मराठी वैदिक म्हटलं की शेंबडं पोरही तुला दारात नेऊन सोडेल! आणि या आजाराची नुसती कुजबुज झाली तरी कोण यजमान पाठाला बोलावील? आवाजावर पोट आहे यांचं. सर म्हणतात, "मालविका, तू फार ताणतेस." ताणणारच.

आमची गल्ली आवाज द्यायला तयार झाली ती माझ्या बाबांच्या शब्दावर. पहिले तेच बसले फोनसमोर. म्हणून तर भांडून नियम करून घेतला — आवाजावर फक्त नंबर, आणि निकाल ज्याने आधीच मागितलाय त्यालाच, तोही डॉक्टरांकडून. एकवीस कोण, मलासुद्धा ठाऊक नाही. तसंच हवं. बाबांनी निकाल मागितला नाही. "मला काय धाड भरलीय?"

९ फेब्रुवारी
एकवीस. अजून एकवीस. आज जेवण गेलं नाही.

१२ फेब्रुवारी
आवाज साफ करणाऱ्या आमच्या अंतराला कारण सापडलं! वैदिक मंडळी 'आ'च्या आधी हटकून हरिः ॐ म्हणतात, कितीही बजावा. सवयच ती, त्याशिवाय तोंड उघडत नाही. बाकीच्यांचं तिने कापलं होतं, एकवीसचं राहिलं. एवढ्यासाठी इतका जीव खाल्ला आमचा. मशीन त्यालाच अडखळत असणार. मला इतकं हलकं वाटलं की अंतराला कचौडी खाऊ घातली.

१३ फेब्रुवारी
सरांनी बैठकीत तो आवाजच लावला. कुणालला गंमत दाखवायला! मूळ आवाज कुणाला ऐकवायचा नाही हे ठरलेलं असताना. मी भांडायला उठलेच होते.

हरिः ॐ. रोज सकाळी चहा टाकताना ऐकते मी तो. बाबा.

"क्या आवाज़ है," कुणाल म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. भीती वाटतेय.

१४ फेब्रुवारी
मी स्वतः कापलं. पुन्हा चालवलं. निकाल तोच.

बाबा संध्येहून उठता उठता म्हणाले, "झालं का गं तुझं मशीन दुरुस्त?"

हो म्हटलं.