ही लढत होणार नाही

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी हसशील आणि मग म्हणशील, ताईचा फोन पाण्यात पडला वाटतं. पडलेला नाही. सकाळपासून तो इतका वाजतोय की ड्रॉवरमध्ये टॉवेलखाली कोंबून ठेवलाय, तर तिथूनही गुरगुरतोय. पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे तुझ्या स्टुडिओतल्या निम्म्या माणसांशी बोलायचं. शिवाय आपण दोघं फोनवर दुसऱ्याच वाक्याला ओरडायला लागतो. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. जन्मात एकदा माझं पूर्ण ऐकून घे.

वर ऑफिसात बसून लिहितेय. बसून म्हणजे काय, दोन ओळी झाल्या की उठते, खिडकीशी जाते, उगाच पडदा सरळ करते, परत येते. खाली जिममध्ये मुष्टियुद्धाचा सराव चालू आहे. मी जिन्यात दिसले की ठोसे थांबतात, पाठ फिरवली की पुन्हा सुरू होतात. परवापरवापर्यंत याच मुली आणि मुलगे मला जिन्यात अडवून आपापलं गाऱ्हाणं सांगायचे. आज एकजण तर मला वाट द्यायला भिंतीला इतका चिकटला, जसं काही मला गोवर झालाय.

तू टीव्हीवर बातमी वाचलीस ती मी पाहिली. माझा उल्लेख आला तेव्हा तू पाण्याचा घोट घेतलास, तेही पाहिलं. दोन प्रमोटर एकत्र आले होते, सगळं ठरलं होतं, आणि ऐनवेळी मी अंग काढून घेतलं, इथवर तुझी बातमी बरोबर होती. त्याच्या आधी काय झालं ते मात्र तुला कुणी सांगितलेलं नाही.

कोटवाले काका आपल्या जिममध्ये आले, तिथून सुरुवात करते. हो, तेच, पांढरा कोट घालून, स्वतःच्या पायांनी. अप्पा आणि ते एका स्कूटरवरून लढती भरवत फिरायचे, एकाच्या मांडीवर रिंगचे दोर आणि दुसऱ्याच्या गळ्यात घंटा, हे आपण जेवताना इतक्यांदा ऐकलंय की मला त्या स्कूटरचा वाससुद्धा आठवतो, आणि ती विकली तेव्हा मी जन्मलेही नव्हते. मग चॅनेलं आली. एकाने अप्पांना धरलं, दुसऱ्याने काकांना, आणि दोघांना अट एकच घातली की तुमचा खेळाडू दुसऱ्याच्या पडद्यावर दिसता कामा नये. तिथे मैत्री संपली. त्यापायी एकाच वजनगटाचे दोन विजेते झाले, आपला सुतार आणि त्यांचा टपालवाला. दोघांतला खरा कोण, यावर न्हाव्याच्या दुकानात माणसं अर्धी दाढी ठेवून भांडायची. आणि ते दोघे बिचारे एकमेकांसमोर कधी उभेच राहिले नाहीत. तू समालोचक म्हणून काकांच्या चॅनेलला गेलास तेव्हा अप्पांच्या लेखी मुलगा नोकरीला लागला नाही, मुलगा पलीकडे गेला. ते तुझं नाव घेत नाहीत हे तुला ठाऊक आहे. पण मी खोलीत तुझा कार्यक्रम लावला की गॅस बंद आहे का बघायला म्हणून उठतात आणि माझ्या खोलीच्या दाराशी घुटमळतात, ते तुला ठाऊक नाही. तू एखादी पंचाची चूक पकडलीस की हळूच म्हणतात, "बरोब्बर."

तर काका आले. या वर्षी तुमच्या चॅनेलने मुष्टियोद्ध्यांशी थेट करार करायला सुरुवात केली आणि काकांना दुधातल्या माशीसारखं बाहेर काढलं, हे तू आतून पाहिलंसच. आमच्या चॅनेलने आमची पाठवणी जरा सभ्यपणे केली. आधी आमच्या लढती दुपारी पाककृतींच्या कार्यक्रमानंतर ढकलल्या आणि मग प्रेक्षक नाहीत म्हणाले. म्हणजे दोन्ही म्हातारे एकाच मोसमात रस्त्यावर. काकांजवळ राहिला तो एकटा टपालवाला. काका प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, अप्पांकडे न बघता रिंगकडे बघत म्हणाले, "दोर बदललेस का रे?" अप्पा म्हणाले, "तुझ्या वेळचे कुजले होते." बस्स. इतक्या वर्षांचं विळ्याभोपळ्याचं सख्य त्या दोन वाक्यांत मिटलं. चहा आला, पुन्हा आला, आणि अप्पांना मी असं हसताना कित्येक वर्षांनी पाहिलं. धाप लागेपर्यंत हसत होते.

मोबाइलवर खेळ दाखवणारी एक नवी कंपनी आहे, तिची एक अधिकारी बाई लगेच येऊन भेटली. तिला एकच लढत हवी होती, सुतार आणि टपालवाला. आणि आवाज हवा होता तुझा. तुझ्याकडे निरोप आला असेलच. तिने तुझं नाव काढलं तेव्हा मी अप्पांकडे पाहिलं. ते बराच वेळ टेबलावरची पिन सरळ करत बसले आणि मग म्हणाले, "येत असेल तर येऊ दे. रिंगच्या कडेला जागा पुष्कळ आहे." त्या रात्री जेवताना त्यांनी मला विचारलं की तुला अजून खोकल्याचा त्रास होतो का. मी ताटावरून उठून मोरीत जाऊन रडले, आता सांगायला हरकत नाही.

म्हणून सांगते, ही लढत व्हावी असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. प्रमोटरचा परवाना आता माझ्या नावावर आहे, सही माझीच लागणार होती, आणि ती करायला मी उतावीळ झाले होते.

मग एके सकाळी मी सुताराचा सराव बघायला खाली उतरले. तो कसा लढतो तुला मी काय सांगणार, तूच त्याला भिंत म्हणायचास. त्या दिवशी त्याच्या समोर एक साधा सरावाचा जोडीदार होता, आणि त्याचा डावीकडून येणारा प्रत्येक ठोसा सुताराला लागत होता. जोराचा नव्हे, पण लागत होता. सुतार मान वळवून वळवून बघत होता, कोंबडी बघते तशी. प्रशिक्षक म्हणाला, वय झालं, पाय जड झाले. मला ते पटेना. सराव संपल्यावर मी सुताराच्या डाव्या बाजूला उभी राहून पाण्याची बाटली पुढे केली. त्याने ती घेतली नाही. त्याला दिसलीच नाही. मी तशीच उभी राहिले, आणि मग माझा श्वास ऐकून तो दचकून वळला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो म्हणाला, "ताई, अप्पांना सांगू नका."

मी त्याला ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, आपल्या नेहमीच्या नव्हे, शहराच्या पलीकडच्या टोकाला. वाटेत त्याने कबूल केलं की संघटनेच्या डॉक्टरांकडची भिंतीवरची अक्षरं त्याने पाठ केली होती. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पाहिलं. डाव्या डोळ्याचा पडदा सुटायला लागलाय. लवकर शस्त्रक्रिया केली तर तो जन्मभर सुतारकाम करेल. एक ठोसा खाल्ला तर त्या डोळ्याची खात्री त्या देणार नाहीत. मी म्हटलं, झालं, लढत रद्द. तर हा गडी माझ्यावरच चिडला! बाहेर बाकावर बसून हळू आवाजात भांडला माझ्याशी. सगळी उमर लोक विचारत आले, टपालवाल्याला हरवशील का, आणि आता कुठे उत्तर द्यायची वेळ आली तर मी त्याला घरी बसवणार. मी विचारलं, "आणि उत्तर देऊन झाल्यावर रंधा कसा मारशील? चाचपडत?"  तेव्हा कुठे तो म्हणाला, शस्त्रक्रिया करतो, पण हे कुणाला कळता कामा नये. फर्निचरच्या कारखान्यात त्याला मुख्य कारागिराची जागा मिळायची आहे. डोळ्याचं कळलं तर डॉक्टरांनी लाख लिहून दिलं तरी त्याला करवतीजवळ कोण उभं करणार? आणि अप्पांना तर मुळीच कळायला नको. अप्पांचा त्याच्यावर जीव आहे, पण अप्पांच्या पोटात काही राहत नाही. सकाळी त्यांना सांगितलं की दुपारी टपालवाल्याच्या घरून विचारपूस येईल.

मी शब्द दिला. मग घरी येऊन फेऱ्या मारत राहिले. हात दुखावला म्हणावं, तर हात बरा होतो, लढत नुसती पुढे ढकलतात, आणि विमावाले तपासायला माणूस पाठवतात. तो निवृत्त झाला म्हणावं, तर सगळे म्हणणार घाबरला. त्याला ते चाललं असतं, मला नसतं चाललं. शेवटी मला एवढंच सुचलं की त्याच्याबद्दल काही बोलायचंच नाही. लढत मोडायची ती मी मोडायची.

हॉटेलच्या हॉलमधल्या त्या पत्रकार परिषदेत काय झालं ते तू टीव्हीवर पाहिलंस. विजेतेपदाचे दोन्ही पट्टे टेबलावर, मागे दोघांचे मोठाले फोटो, अप्पा आणि काका शेजारीशेजारी, एकमेकांच्या कानात काहीतरी सांगत. अप्पांनी नवा शर्ट घातला होता. माझी पाळी आली, मी उभी राहिले आणि म्हणाले, "ही लढत होणार नाही. आमच्या बाजूने मी सही करत नाही." पुढची सगळी गडबड मला लांबून ऐकू येत होती. कुणीतरी विचारलं, का. मी म्हटलं, कारण माझं आहे. तेवढ्यात मागच्या रांगेतला तो टक्कल पडलेला वार्ताहर ओरडला, "भावाच्या चॅनेलने फोडलं का तुम्हाला?"

धाकट्या, मी ठरवून काही केलं नाही. "नाही" म्हणायला तोंड उघडलं होतं. पण समोर सुतार बसला होता, मान खाली घालून, आणि मला एकदम दिसलं की हे उत्तर सगळ्यांना पुरतंय, लढत मोबाइलवर गेली असती तर प्रेक्षक तुमच्याच चॅनेलचे पळाले असते. यापुढे कुणी काही विचारणार नाही. मी तोंड मिटलं. हसले बहुतेक. दुसऱ्या दिवशी तेच हसू सगळीकडे छापून आलं.

काका मला बाहेर गाठून म्हणाले, "तुझ्या बापाने मला फसवलं असतं तर मी समजलो असतो. तू लहान असताना माझ्या खांद्यावर बसायचीस."  अप्पांना मी गाडीतून घरी आणलं. घरासमोर उतरताना दार धरून म्हणाले, "त्याने मागितलं म्हणून केलंस ना?" मी म्हटलं, अप्पा, आत चला, वारा आहे. त्यांनी त्याचा अर्थ हो असाच घेतला. तेव्हापासून ते माझ्याशी बोलतात, जेवलीस का विचारतात, राग माझ्यावर नाहीच. सगळा तुझ्यावर आहे. खोकल्याबद्दल विचारणारा माणूस पुन्हा कुठे गेला ते मला कळत नाही. तुमच्या चॅनेलनेही अजून साधा खुलासा केलेला नाही. ते कशाला करतील, फुकटची प्रसिद्धी कुणाला नकोय!

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. रविवारी तुझ्या कार्यक्रमात कोटवाले काका येणार आहेत, मी जाहिरात पाहिली. ते सगळ्यांसमोर तुला विचारतील, बहिणीला फोडलं की नाही ते सांग. तू फोडलेलं नाहीस, आपलं गेल्या वर्षभरात धड बोलणंही झालेलं नाही, आणि तुझ्या जिभेवर "नाही" हा शब्द तयार असेल. तेवढा म्हणू नकोस. तू नाही म्हणालास की पुढचा प्रश्न येईल, मग का, आणि मग शोध घेत घेत कुणीतरी डॉक्टरीणबाईंच्या दारातल्या त्या बाकापर्यंत पोचेल. हो म्हणू नकोस, खोटं बोलू नकोस, फक्त हसून विषय बदल. ते तुला चांगलं जमतं. मी काय मागतेय ते मला कळतंय. अप्पा ऐकत असतील आणि त्यांची खात्री पटेल, आणि ती मी लवकर पुसूही शकणार नाही. सोमवारी सुताराची शस्त्रक्रिया आहे. तो बरा होऊन कामाला लागला की त्याची परवानगी घेऊन अप्पांना मीच सांगेन, सगळं, त्यांच्यासमोर बसून. तोवर माझ्याबरोबर तुलाही वाईट व्हावं लागेल. तुझ्याने होणार नसेल तर रविवारच्या आत तसं कळव, मी दुसरं काही बघेन, रागावणार नाही. खरं तर हे तुला आधी विचारायला हवं होतं. त्या हॉलमध्ये उभी होते तेव्हा वेळ नव्हता, आणि का कोण जाणे, तू नाही म्हणशील असं मला तेव्हा वाटलंच नाही.

न विचारता हक्क सांगून बसलेली, तुझीच
ताई