तलवारवालीचं पाणी कोणाच्या हातात

बा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्याहून आता मीच वयानं मोठी झाले. तेव्हा मुकाट्यानं ऐक. मी बोलते, नात लिहिते. माझ्या बोलण्याची ती वेणीफणी करते अन् मगच त्याला कागदावर बसवते.

तिच्या लॅपटॉपवर एक खेळ आहे. त्यात राणी आहे, तिच्यावर उठलेले बंडखोर आहेत, अन् राक्षस मारायला निघालेले तिघं वीर. नात राक्षस शोधते, मी कोण कोणाचा माणूस ते शोधते. जादूगार राणीच्या ताटात जेवणारा. तिरंदाजाचा भाऊ बंडखोरांत. राहिली तलवारवाली, तिच्या गावाचा झरा राणीच्या किल्ल्यात. नात वैतागते. "आजी, ते जग वाचवाले निघाले ना वं!" मी म्हणते, "जग वाचवाले सारेच निघतात. जेवाले कोनाच्या घरी जातात, ते पाह्य."

हे तुझंच शिकवणं. तू पंच होतास. देवळापुढं सभा भरली आहे, मी तुझ्या मांडीला टेकून बसले आहे, अन् ज्याला घरी शिव्या घालतोस त्याच्यासाठीच तू हात वर करतोस. परत येताना मी विचारलं, "काहून बा?" तू खेकसलास, "ज्याच्या विहिरीत आपली घागर बुडते, त्याच्याकडूनच हात उठते. चाल गुमान."

आता सून पंचायतीत सदस्य आहे. उद्या सरपंचावर अविश्वास ठराव. सदस्य फुटू नयेत म्हणून विरोधकांनी त्यांना गाडीत घालून पोहरादेवीच्या दर्शनाला नेलं. पोहरादेवी अशी किती लांब? सून पायी गेली असती तरी एव्हाना परतली असती. तिचा फोन बंद. सरपंच कसा आहे ते गावाला ठाऊक आहे. पण आमच्या घरचं पाणी त्याच्याच विहिरीवरून येतं.

काल खेळात तलवारवालीनं एका बाजूची शपथ घ्यायची वेळ आली. "तूच सांग आजी, कोनाकडून?" मी म्हटलं, बंडखोरांकडून. राणीनं लगेच झरा बंद केला, गाव तहानलं. "थांब, मांगं जाऊन पुन्हा खेळू," नात म्हणाली. तिथं ती सोय आहे.

आज सकाळी दुसऱ्याच कोणाच्या फोनवरून सून बोलली. "आत्याबाई, हात कोनाकडून करू?" तुझं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं, बा. गिळलं. म्हटलं, "तुले पटते तसं कर."

नातीचं पेन थांबलं. "आईचा फोन आलता? अन् मले सांगतलं नाही!"

"पुरे झालं लिहिणं," मी म्हणते. "कागद डब्यात टाक. अन् पयले जाऊन घरातले सारे हंडे भरून ठेव."