भेगा मिटू लागल्या

१ नोव्हेंबर, शुक्रवार
आले बाई एकदाची! ट्रंक, स्टोव्ह आणि मी, तिघंही शाबूत. नर्सेसचं हे जुनं वसतिगृह पालिका पाडायलाच निघाली होती. गावातल्या हौशी मंडळींनी आरडाओरड केली, रविवारच्या रविवारी स्वतः थाप्या घेऊन उभे राहिले, तेव्हा कुठे महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली. भिंती स्थिर आहेत असं पालिकेच्या इंजिनिअरनं लिहून दिलं तर इथे वाचनालय आणि गाण्याचे वर्ग. नाही तर बुलडोझर. तोवर आत राहून भिंतींवर नजर ठेवायला कुणीतरी हवं होतं. पाणीखात्यात जन्मभर नकाशे काढून निवृत्त झालेली, सडीफटिंग बाई त्यांना आयतीच सापडली.

वाचनालय झालं तर ही खोली कायमची माझी, असं मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी सांगितलंय. मला तेवढंच हवंय. पुतण्याचं लग्न झालं आणि दादाकडची माझी खोली त्याला गेली. निघताना वहिनी म्हणाली, वन्सं, कंटाळा आला तर या हं परत. पण माझं कपाट तेव्हाच माळ्यावर चढलं होतं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. मी काही परत जायची नाही.

३ नोव्हेंबर, रविवार
केवढी माणसं! शिक्षिका, ड्रायव्हर, एक दाताचे डॉक्टर, सगळे चुन्यानं पांढरे. माझ्या चहाला नावं ठेवत चार-चार कप प्यायले. सुतारमामांनी काम शिकवलं. प्रत्येक भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवायची, भिंत सरकली की ती तडकते. म्हाताऱ्या इमारतीला राखणदारही म्हातारीच मिळाली, म्हणून वर मला चिडवलंसुद्धा. किती दिवसांनी कुणी माझी चेष्टा केली! संध्याकाळी सगळे गेले आणि व्हरांडा एकदम लांबच लांब वाटायला लागला.

११ नोव्हेंबर, सोमवार
पलंगामागच्या भेगेवरची काच तडकली. नीट पाहिलं तर तुकडे एकमेकांपासून दूर गेले नव्हते, एकमेकांवर चढले होते. म्हणजे भेग वाढत नाही, मिटतेय. जखम भरून यावी तशी. जीव भांड्यात पडला. तरी पट्टी बदलून टाकली. इंजिनिअर उंटावरून शेळ्या हाकणारा, तुटकी काच दिसली की लगेच ‘धोकादायक’ लिहून मोकळा होईल.

१७ नोव्हेंबर, रविवार
माझ्या खोलीतल्या सगळ्या काचा आठवड्यात बदलाव्या लागल्या. बाकीच्या खोल्यांत एकही तडकलेली नाही. आले तेव्हा पलंग आणि भिंत यांच्यामधून बादली घेऊन जात होते, आता अंग तिरकं करून जावं लागतं. सुतारमामांना सहज विचारल्यासारखं विचारलं. ते हसले. म्हणाले, ताई, ओला चुना थोडा फुगतोच, आणि आम्ही दर रविवारी आणतो त्या केळ्यांनी तुम्हीही फुगलात. मीही हसले. काचांचं मात्र सांगितलं नाही. इतक्या माणसांची मेहनत, आणि माझी खोली.

२० नोव्हेंबर, बुधवार
आता पलंगाकडेनं जाताच येत नाही. भीती वाटली. दुपारी गादी समोरच्या खोलीत नेली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
समोरच्या खोलीतल्या काचा तडकल्या. जुन्या खोलीत जाऊन पाहिलं, तर पलंगाशेजारी पुन्हा बादलीपुरती जागा आणि भेगा होत्या तशा उघड्या. मी जिथे निजते तिथेच हे होतं.

वसतिगृह होतं ना हे. एके काळी प्रत्येक खोलीत पोरी दाटीवाटीनं राहायच्या. मग इतकी वर्षं कुणीच नाही. याला माणूस हवंय. खुळ्यासारखं वाटेल, पण लिहिते: मला इतकं जवळ कुणी कधी घेतलेलं नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार
इंजिनिअर येऊन गेला. सगळ्या काचा धड होत्या, कारण पहाटे उठून मीच लावल्या होत्या. पास! अध्यक्षीणबाईंनी मला मिठी मारली, मग त्यांना कुणाचा तरी फोन आला. जेवायला सगळे बाहेर गेले. मला बोलवायचं राहिलं असावं.

२७ नोव्हेंबर, बुधवार
कुणी फिरकलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. कोपऱ्यावरच्या दुकानातून वहिनीला फोन लावला. चार दिवस येऊ का, असं विचारणारच होते, तेवढ्यात तीच म्हणाली, सूनबाईला दिवस गेलेत, पाळण्याला जागा कुठे करायची तेच कळत नाही. मी अभिनंदन केलं आणि परत इथेच आले. कुठे जाणार?

२९, शुक्रवार
खिडकीची चौकट वाकली. दार अर्धंच उघडतं. अंग चोरून बाहेर पडता आलं असतं — आज तरी आलं असतं. व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. रिकामा. परत आत आले —

३०
दार बसलं. हलत नाही. गादी दुमडली गेलीय, गुडघे पोटाशी. भिंत कोमट आहे — पाठीला लागून — श्वास घेतला की तीही —

१, रविवार
आले सगळे. हसताहेत. सुतारमामा ओरडून सांगताहेत, की या बाजूला भेग नावालाही उरली नाही, बाईंनी जादू केली. कुणीतरी दार ढकललं. घट्ट आहे, कुलूप लावून भावाकडे गेल्या असतील, असं अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

हाक मारली तर भिंत फोडतील. फोडली की इंजिनिअर, बुलडोझर — आणि मग मी कुठे —

हाक नाही मारली. पावलं जिन्याकडे निघाली. नको. राहू दे खोली, पडू दे सगळं, ओरडते — छाती भरत नाही — थांबा, मी इथे —