घोरपडे साहेबांचं हरिकेन

२ नोव्हेंबर १९७७

लायसन आलं! सात महिने लावले. मॉडेलच्या विमानाला वायरलेसचं लायसन. पोस्टातला कारकून विचारतो, "बाम टाकनार हाय का त्यातनं?" म्हणालो, टाकला तर पहिला तुमच्या खिडकीवर. हसला नाही मेला.

आता जर्मनीतल्या पुतण्याने पाठवलेला संच उघडायला हरकत नाही. विजेची मोटर, बॅटऱ्यांचा जुडगा, हातात धरायची रेडिओची पेटी. आणि चार सर्व्हो. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी यंत्रं, पेटीवरचा दांडा हलवला की यांचे दोन कान हलतात.

सव्वीस जानेवारीला मलकापुरात माजी सैनिकांचा मेळावा आहे. तिथे माझं हरिकेन उडणार, लढाईतल्या विमानाची छोटी नक्कल. रहिमतपूरहून अंजनाबाई येणार आहेत, घोरपडे साहेबांची सख्खी बहीण. त्यांना त्यांच्या भावाचं विमान हवेत दाखवायचं. मग मी मरायला मोकळा.

५ नोव्हेंबर

बाजारातून येताना त्या धुळ्याच्या सायकल दुकानासमोरून यावं लागलं. घमेल्यात ट्यूब बुडवून बसला होता. मान वर न करता म्हणतो, "नाथा, इमान करतुयास म्हनं?"

रस्त्यावर थुंकलो. त्याने बघितलं. बघू दे!

११ नोव्हेंबर

बायकोचं, शालूचं, एकच: "आवं, इतक्या वर्साचं सोडा की आता. दिवाळी हाय." काय सोडा? एकदा लिहूनच टाकतो.

१९४४. आसामातली धावपट्टी. मी आणि धुळा, दोघं एकाच तालुक्यातले, दोघं फिटर, आणि विमान घोरपडे साहेबांचं. पंखाच्या टोकाला मागच्या कडेला हलती फळी असते, एलेरॉन. वैमानिकाने दांडा डावीकडे घेतला की डावी फळी वर उठते, उजवी खाली जाते आणि विमान डावीकडे कलतं. त्या सकाळी त्या फळ्यांच्या तारा बदलल्या. त्या उलट्या जोडल्या गेल्या. साहेब उठले, दांडा डावीकडे घेतला, विमान उजवीकडे कलंडलं. पंख जमिनीला लागला. साहेब जागीच गेले. वय चोवीस!

नियम असा की एकाने जोडायचं आणि दुसऱ्याने कॉकपिटात बसून दांडा हलवून दोन्ही पंख बघायचे. चौकशीत आम्ही दोघंही म्हणालो, घाई होती, तपासणी झालीच नाही. मग जोडलं कोणी? मी म्हणालो धुळ्याने. तो म्हणाला नाथाने. कागद काही नव्हता. मी मॅट्रिक, इंग्रजीत उत्तरं दिली. तो चौथी पास, नुसता "सायब, सायब" करत राहिला. त्याला हाकललं. मी सार्जंट होऊन पेन्शनवर आलो.

अंजनाबाईंना मीच जाऊन सांगितलं होतं कोणी केलं ते. गाव त्याला 'सायबमाऱ्या' म्हणतं, ते नावही माझ्याच तोंडून गेलं असेल. बरं झालं.

२६ नोव्हेंबर

मुंबईहून आलेलं बाल्साचं हलकं लाकूड निम्म्यातच संपलं. पंखाच्या पट्ट्या पांगाऱ्याच्या करतोय. पांगारा हलका, पण कडेला भुरभुरतो. चार पट्ट्या फुकट गेल्या. पाचवी फेकून मारली, ती मांजराला लागली. शालू दोन वेळा जेवायला बोलावून गेली.

१३ डिसेंबर

पंखावर पतंगाचा कागद चढवला, वर डोपचे, म्हणजे कागद ताणणाऱ्या वार्निशाचे, दोन हात. घरभर वास. शालूला मळमळतं. मला मात्र वीस वर्षांचा झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला लिहू.

भामाबाईच्या दुकानातल्या तराजूवर वजन केलं. जास्त भरतंय. म्हणाली, "शेरभर शेंगदान्याएवढं बी न्हाई की वो." हिला काय कळतंय! बॅटरी चार मिनिटांची. त्या चार मिनिटांत हा बोजा उचलायचा, फिरवायचा आणि उतरवायचा.

२ जानेवारी १९७८

सर्व्होपासून एलेरॉनपर्यंत ताठ तार हवी. बाजारातली सगळी मऊ. सकाळी उठलो तर टेबलावर सायकलचे आठ स्पोक, नवे कोरे.

"कुठून आणलेस?"

"कुठनं म्हंजे? गावात दुसरं दुकान हाय का सायकलीचं?"

उचलून अंगणात फेकले. ओरडलो. त्या माणसाची तार साहेबांच्या विमानात घालू? शालू म्हणाली, "त्येनं इचारलं, पंखाला पायजेत का शेपटीला. पंखाला म्हटलं तर निवडून दिल्या."

संध्याकाळी जाऊन उचलून आणले. तार चांगली आहे. नाइलाज.

१९ जानेवारी

रंग झाला. शेपटीवर साहेबांचा नंबर घातला.

२४ जानेवारी

एलेरॉनची जोडणी उरकली. विमान टेबलावर उताणं टाकून पोटाकडून जोडलं. दांडा हलवला, फळ्या हलल्या. झकास! शालूचं टुमणं: "कुनाला तरी दावा की एकदा." कुणाला दाखवू? या तालुक्यात विमान कळणारी माणसं दोन. त्यातला एक मी.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं. भाषणं झाली. एका सुभेदाराने अर्धा तास खाल्ला. मग मैदान मोकळं केलं.

अंजनाबाई पुढच्या खुर्चीवर. पांढरं लुगडं, हातात भावाचा फोटो. मी विमान गवतावर ठेवलं. मोटर चालू केली. पंखा फिरला आणि माणसं उठून उभी राहिली.

तेवढ्यात गर्दीच्या कडेने आवाज आला, "नाथा, आदी दांडा हलवून दाव!"

धुळ्या! टोपी हातात घेऊन उभा. त्याची तिथे यायची हिंमत कशी झाली? अंग पेटलं. लोक कुजबुजायला लागले. कुणीतरी म्हणालं, "सायबमाऱ्या शिकवाय लागलाय बघा." मोटर बंद केली. म्हटलं, ये, जवळ येऊन बघ, सगळ्यांसमोर तुझं थोबाड काळं करतो. तो आला. विमानामागे उकिडवा बसला. मी दांडा डावीकडे दाबला.

डावी फळी खाली गेली.

परत दाबला. वर नाही, खालीच.

मैदानावर तीनशे माणसं, पण कळलं फक्त दोघांना. धुळा माझ्याकडे बघत होता. मी उठलो आणि मोठ्याने म्हणालो, "बॅटरी उतरली!"

लोक हसले. अंजनाबाई जवळ आल्या, पाठीवर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या नाथाजीभाऊ. फुडल्या वर्सी उडवा. माज्या दादासाठी एवढं केलंसा." मग धुळ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून वळल्या.

मी तेव्हाही गप्पच.

२७ जानेवारी

विमान उताणं असलं की डावं उजवं होतं. डाव्या फळीची तार सर्व्होच्या उजव्या कानाला. माझ्या हातांनीच केलं. कुणाकडे बोट दाखवू?

रात्रभर झोप नाही. त्या सकाळी पाठ ओली होती. आसामातला चिखल सदऱ्यातून आत आला होता, कारण तारा जोडायला विमानाखाली उताणा मी पडलो होतो. बाहेर फक्त दोन बूट दिसत होते. धुळ्याचे. तेहतीस वर्षं मला ते बूट आठवले नाहीत. की आठवायचे नव्हते? शप्पथ सांगतो, माहीत नाही.

२९ जानेवारी

शालूला सांगितलं. तिने भाकरी थापायची थांबवली नाही. "मग हितं काय बसलाय?" एवढंच.

१ फेब्रुवारी

दुकानात गेलो. गिऱ्हाईक जाईपर्यंत उभा राहिलो. म्हणालो, धुळा, तारा मी जोडल्या होत्या.

"मला काय सांगतुयास? म्या बघितलं की."

म्हटलं, काय बघितलंस?

तो चाक फिरवत होता. हाताने थांबवलं. "मी कॉकपिटात बसलो हुतो रं, नाथा. दांडा हलवला हुता. उलटं चाललंय, दिसलं. म्हटलं सायब सोता हलवून बगत्याल, समद्यांम्होरं तुला झापत्याल. लय विंग्रजी झाडायचास तू तवा. म्हनून गप उतरलो." चाकाचा एक स्पोक चाचपला. "सायबांनी बगितलंच न्हाई."

बाकावर बसलो. तोही बसला.

उद्या पहिल्या एस.टी.ने रहिमतपूर, अंजनाबाईंकडे. दोघं.